वरचीचं बिनफुलाचं झाड

फार फार पूर्वी, डोंगरांना अजून नावंही पडली नव्हती त्या काळी, एका उंच डोंगराच्या पायथ्याशी मोहोरगाव नावाचं गाव होतं. या गावाला फुलांचं वेड होतं, आणि वेड म्हणजे अगदी वेडच! शेवगा फुलला तरी ढोल वाजायचा. भोपळ्याच्या वेलावर पहिलं पिवळं फूल दिसलं की शेजारीण शेजारणीला हाका मारून बोलवायची, "अगं ये, बघ तरी!" गाईच्या शिंगांना फुलं, घागरीच्या गळ्यात फुलं, दाराच्या कडीलासुद्धा फुलं.

माणसं मनाने चांगली होती, पण भारी उतावळी. सकाळी बी पेरलं तर संध्याकाळी माती उकरून बघतील, आलं का वर!

या गावाची एक रीत होती. लग्न होऊन येणारी प्रत्येक सून ओटीत माहेरच्या झाडाचं बी घेऊन यायची आणि सासरी आल्या आल्या ते लावायची. झाड मोठं झालं, फुललं, फळलं की चैत्रातल्या बहरपूजेला ती त्याचा तुरा पारावर मांडायची. पाटील तो हातात घेऊन बघायचे. फूल दिसलं किंवा फळातलं बी दिसलं की ते मोठ्याने झाडाचं नाव पुकारायचे आणि त्यामागोमाग सुनेचं नाव. सारं गाव ती दोन्ही नावं घेऊन ओरडायचं. त्या दिवसापासून सून गावाची व्हायची.

तोवर मात्र तिला नाव नाही. कुणी नदीकाठची, कुणी सोनवाडीची. माहेर जिथलं, त्यावरूनच हाक मारायची.

आणि झाड फुललंच नाही तर? गाव बारा चैत्र वाट बघायचं. बाराव्या बहरपूजेलाही तिचा तुरा पारावर आला नाही तर सासऱ्याने आपल्या हाताने झाडावर पहिला घाव घालायचा. लाकूड त्याच दिवशी गावजेवणाच्या चुलीत जायचं, आणि सून जन्मभर तशीच बिननावाची राहायची. असं कधी घडलं नव्हतं हो. आंबा, लिंबू, डाळिंब, चाफा... कोण फुलायचं राहतंय? पण रीत ती रीत.

एके वर्षी पाटलांच्याच घरी सून आली. ती आली डोंगराच्या वरून, खिंडीपलीकडच्या रानातून, जिथे हिवाळ्यात बर्फ पडतं. साहजिकच गाव तिला 'वरची' म्हणू लागलं. तिच्या ओटीत बी होतं नखाएवढं, त्याला कागदासारखा पातळ पंख. गावाच्या वरच्या अंगाला उतारावर तिने ते लावलं.

झाड वाढलं की! सरळसोट, उंच. पण पानं म्हणावीत तर नुसत्या सुया. इतर झाडांची पानं गळायची, कोवळी फुटायची, गावाला केवढा आनंद व्हायचा. हे झाड बाराही महिने हिरवंच. फुलाचा तर पत्ता नाही.

"वरचे, तुझं झाड आहे की झाडू गं?" डाळिंबवाल्या काकू हसून विचारायच्या. या काकूंच्या सासरच्या अंगणात त्यांच्या माहेरचं डाळिंब तिसऱ्याच वर्षी फुललं होतं, आणि ते त्या कुणाला विसरू देत नसत.

दहाव्या चैत्रात एक गंमत झाली. वारा सुटला आणि त्या झाडाच्या फांद्यांवरून पिवळ्या धुरळ्याचे लोटच्या लोट उठले. बघता बघता सगळं गाव हळदीत न्हाऊन निघालं. काकूंनी वाळत घातलेल्या कुरडया पिवळ्या झाल्या. काकू तणतणत पाटलांच्या दारी आल्या.

"वरचे, हा काय धुरळा उडवलाय तुझ्या झाडाने?"

वरचीचे डोळे आनंदाने चमकत होते. "काकू, धुरळा नाही हो तो! माझ्या झाडाचं लग्न लागतंय!"

"लग्न? मग मधमाश्या कुठायत? आमच्या डाळिंबाच्या लग्नाला मधमाश्यांची ही झुंबड उडते."

"आमच्याकडे मधमाश्यांना आमंत्रण नसतं. वाराच सगळं जुळवतो. आणि काकू, नुसतं माझ्या झाडाचं नाही हं. खिंडीकडून वारं येतंय. माझ्या माहेरच्या रानाची हळदही त्यात आली असणार!" इतक्या वर्षांत माहेरचं दुसरं कुणी खिंड उतरून आलं नव्हतं.

काकूंनी कपाळाला हात लावला आणि कुरडया झटकायला निघून गेल्या.

त्या वर्षी झाडाच्या शेंड्याकडे करंगळीच्या टोकाएवढी लालसर बोंडं धरली. वरची रोज जाऊन मान वर करून बघायची. अकरावा चैत्र आला तरी बोंडं हिरवी आणि घट्टच. गावकऱ्यांना कुठला धीर! दोघा-तिघांनी एक बोंड पाडून दगडाने ठेचून पाहिलं. आत ना गर, ना रस, ना बी. "पोकळ आहे," त्यांनी गावभर सांगितलं.

"अहो, कच्चं आहे ते!" वरची कळवळून म्हणाली. "याला पिकायला दोन उन्हाळे लागतात."

"दोन उन्हाळे? तेवढ्यात आमचा लिंबू चारदा फळतो." गाव हसलं.

आणि बारावा चैत्र उजाडला.

बहरपूजेच्या आधी चार दिवस नवऱ्याने झाडावर चढून एक बोंड काढून आणलं होतं. आता ते तपकिरी झालं होतं, अगदी लाकडासारखं. वरचीने ते खिडकीतल्या उन्हात ठेवलं. पूजेच्या दिवशी सकाळी ती बघते तर काय, बोंड उमललं होतं! लाकडाचीच पाकळी, पाकळीवर पाकळी, आणि प्रत्येक पाकळीवर जोडीजोडीने पंखवाल्या बिया! ती आनंदाने ओरडलीच. धावत जाऊन तिने नवऱ्याला दाखवलं. नवरा गावचा ढोलवाला. त्याने तिथल्या तिथे ढोलावर टिपरी मारली.

"हळू हो!" ती हसत म्हणाली. "बिया उडून जातील. तशाच राहू देत जागेवर, मामंजींना दाखवायच्यात."

तिने बोंड सुपात ठेवलं, वर कापड झाकलं आणि पुरण वाटायला बसली.

इकडे सासूबाईंची लगबग चालली होती. सून त्यांना जीव की प्राण. आज तिचं नाव पुकारलं जाणार म्हणून त्यांचा पाय जमिनीवर ठरत नव्हता. जाता जाता त्यांनी सुपावरचं कापड उचलून पाहिलं.

"अगं बाई! हे तर कोमेजलं! पाकळ्या पार फाकल्यात की!"

मोहोरगावात फुलाच्या पाकळ्या अशा फाकल्या की फूल आता गळणार हे लहान पोरही सांगेल. आणि त्यावर उपाय एकच, पाणी! ओसरीवर तांब्याचं मोठं घंगाळ भरलेलं होतं. घरचे सगळे तुरे त्यातच ठेवले होते. सासूबाईंनी मायेने ते बोंड पाण्यात पार बुडवलं. पंखांचा सगळा भुगा वर तरंगून आला. "कुठला कचरा चिकटला होता कुणास ठाऊक," म्हणत त्यांनी तो ओंजळीने काढून अंगणाबाहेर टाकला. दुपारी निघताना बोंड उचलून पुन्हा सुपात ठेवलं, कापड झाकलं आणि सूप सुनेच्या हातात दिलं.

पारावर ही गर्दी! मोगरा, मोहोर, लिंबाची फुलं, वासाने माणसाला गुंगी यावी. एका बाजूला गावजेवणाच्या चुली मांडलेल्या, भाताची मोठाली पातेली चढलेली. एकेका सुनेचं नाव पुकारलं जात होतं, ढोल वाजत होता, गाव ओरडत होतं.

शेवटी वरची पुढे झाली. तिने मोठ्या हौसेने कापड बाजूला केलं.

बोंड मिटलेलं होतं. घट्ट, मुठीसारखं.

डाळिंबवाल्या काकू फिसकन हसल्या आणि सारं गाव हसू लागलं.

"सकाळी उमललं होतं, मामंजी!" वरची कशीबशी म्हणाली. "आत बिया होत्या. मी पाहिल्यात!" तिने बोंड उचललं आणि तिचा हात ओला झाला. "हे भिजवलं कुणी?"

"मी भिजवलं," सासूबाई भोळेपणाने म्हणाल्या. "कोमेजत होतं म्हणून. का गं? पाण्याने काय होतंय?"

"आत्याबाई, पाण्यानेच मिटलं हो!"

आता तर हशाचा कहर झाला. "पाण्याने फूल मिटलं! ऐका हो, पाण्याने म्हणे फूल मिटलं!"

पाटलांनी हात वर केला. गाव शांत झालं. पाटील मोठे न्यायी होते, आणि आपण न्यायी आहोत हे त्यांना फार ठाऊक होतं.

"मुली, पाण्यात फूल टवटवीत होतं. तुझं उलटं कसं?"

"उलटंच आहे, मामंजी. उन्हात ठेवा. सुकलं की उघडेल. थोडा वेळ तेवढा द्या."

पाटलांनी चुलींकडे पाहिलं. लोकांना भुका लागल्या होत्या. दुसऱ्या कुणाची सून असती तर कदाचित ते थांबलेही असते. पण स्वतःच्या सुनेसाठी थांबलो तर लोक काय म्हणतील, हे त्यांच्या मनात आलं आणि तिथेच घोटाळा झाला.

"बारा चैत्र थांबलो," ते म्हणाले. "रीत सगळ्यांना सारखी. माझ्या घरालाही. कुऱ्हाड आणा."

सासूबाई मटकन खाली बसल्या. वरचीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. बोंड मुठीत धरून ती सगळ्यांच्या पुढे चालू लागली, झाडाकडे.

चैत्रातली टळटळीत दुपार होती. उतारावरचे दगड तापले होते. सारं गाव झाडाभोवती गोळा झालं. रीतीप्रमाणे पहिल्या घावाआधी ढोल वाजायचा असतो. पाटलांनी मुलाकडे पाहिलं.

मुलाने गळ्यातला ढोल काढून जमिनीवर ठेवला.

"वाजव," पाटील म्हणाले.

"नाही वाजवणार, आबा. घाव घालायचा तर तसाच घाला."

असं कधी झालं नव्हतं. पाटलांचा चेहरा लाल झाला. त्यांनी कुऱ्हाड उचलली आणि त्या शांततेत घाव घातला. खाड्!

कुऱ्हाड रुतली. खोडातून चिकट, सुवासिक राळ पाझरली. आणि ढोल वाजत नव्हता म्हणूनच गावाला वरून एक आवाज ऐकू आला. चट्. पुन्हा चट्. मग चट् चट् चट्, लाह्या फुटाव्यात तसा!

"काय वाजतंय हे?" कुणीतरी विचारलं. सगळ्यांनी माना वर केल्या.

शेंड्याकडची बोंडं उन्हात फुटून उघडत होती! घावाने झाड हादरलं होतं. उघडलेल्या बोंडांतून काहीतरी सुटलं, आणि मग बापरे! आभाळभर भिंगऱ्या! शेकडो इवल्या इवल्या पंखवाल्या बिया गरगर, गरगर फिरत खाली येऊ लागल्या. पोरं किंचाळत धावली. म्हातारे टोप्या पुढे करू लागले. कुणाच्या पदरात बी, कुणाच्या मिशीत बी. डाळिंबवाल्या काकू तर दोन्ही हात पसरून स्वतःच गिरक्या घेत होत्या. "धरली! मी धरली! अगं, हिला तर पंख आहे!"

एक बी फिरत फिरत आली आणि पाटलांच्या कुऱ्हाडीच्या दांड्यावर बसली. पाटलांनी ती उचलली आणि बराच वेळ बघत राहिले. कुऱ्हाड त्यांनी हळूच ओढून काढली आणि खाली ठेवली.

तेवढ्यात सासूबाई गर्दीतून वाट काढत आल्या. त्यांनी काकूंच्या हातातली बी पाहिली आणि त्यांनी स्वतःच्याच गालांवर चापट्या मारून घेतल्या. "मेले मी! हाच तो भुगा! अहो, पोरीच्या बिया मी कचरा म्हणून फेकल्या!"

"आबा, आता तरी थांबा," मुलगा म्हणाला.

पाटील खाली बसले. वरचीच्या मुठीतलं ओलं बोंड त्यांनी मागून घेतलं आणि तापलेल्या दगडावर ठेवलं. "सगळ्यांनी बसा," ते म्हणाले. "हे उघडेपर्यंत कुणी जेवायचं नाही."

उतावळं मोहोरगाव, आणि वाट बघत बसलं! खाली भाताची पातेली उतरवून झाकून ठेवावी लागली. पोरांनी दगडाभोवती कोंडाळं केलं. कुणाला शिंक आली तरी दुसरे त्याला गप्प करत.

"मुली," पाटील म्हणाले, "तोवर सांग. हे असं उलटं का?"

वरचीने डोळे पुसले. "मामंजी, तुमची झाडं बी पोटात घेऊन वाढवतात. वर गर घालतात, साल घालतात. आंब्यात बघा, डाळिंबात बघा, बी नीट झाकलेली. मग पाऊस आला काय नि वारा आला काय. माझ्या झाडाला ना फूल, ना फळ. ते बी उघडी ठेवतं, तळहातावर ठेवल्यासारखी. पावसात तळहात उघडा राहिला तर बी भिजून तिथेच पायाशी पडेल. लांब कशी जाणार? म्हणून ओल लागली की ते मूठ मिटतं. ऊन पडलं, हवा कोरडी झाली की उघडतं आणि बी वाऱ्याच्या हवाली करतं."

"म्हणजे मी बाई भिजवलं, ते त्याला पाऊस वाटला!" सासूबाई म्हणाल्या.

"हो, आत्याबाई."

"आणि आम्ही ठेचून पाहिलं ते?" मागून कुणीतरी ओशाळून विचारलं.

"ते कच्चं होतं. तुम्हीसुद्धा कच्ची कैरी फोडून कोय पेरत नाही ना?"

यावर सगळे हसले, पण आता हसणं वेगळं होतं. तेवढ्यात एक पोरगी ओरडली, "हललं! हललं!" दगडावरच्या बोंडाची एक पाकळी सुटली होती. मग दुसरी. सावल्या लांब होत गेल्या आणि बोंड सावकाश, अगदी आपल्या चालीने, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत उमलत गेलं. एका पाकळीच्या बुडाशी अजून एक बी चिकटून राहिली होती. गावाने असा काही जल्लोष केला की पाखरं उडाली. मुलाने ढोल कधी गळ्यात घातला ते कुणाला कळलंही नाही.

पाटील उठले. झाडाच्या घावाला त्यांनी हात लावला. राळेने घाव भरत आणला होता. झाड स्वतःच स्वतःला मलम लावत होतं.

"मी चुकलो," ते सगळ्यांसमोर म्हणाले. "लोक काय म्हणतील म्हणून घाई केली. मुली, या झाडाचं नाव काय? बारा वर्षांत आम्ही कुणी तुला विचारलंच नाही."

"सरल म्हणतात त्याला, मामंजी."

"आणि तुझं?"

खिंड उतरून आल्यापासून तिचं नाव कुणी घेतलं नव्हतं. "भागीरथी," ती म्हणाली.

पाटलांनी छाती भरून श्वास घेतला. "झाड सरल! सून भागीरथी!"

"सरल! भागीरथी!" गाव ओरडलं. पोरं तर थांबेचनात. त्या दिवशी गावजेवण दिवेलागणीला झालं, भात गार, पुरणपोळ्याही गार, आणि तरी कुणी कुरकुरलं नाही. गावाने त्याच पंगतीत ठरवलं की यापुढे नव्या सुनेला आल्या दिवशीच विचारायचं, तुझं झाड फळतं कसं, आणि तुझं नाव काय.

दुसऱ्या दिवशी सकाळी डाळिंबवाल्या काकूंना विरजण हवं होतं. त्यांनी पाटलांच्या दारात उभं राहून हाक मारली, "भागीरथी! अगं भागीरथी!" भागीरथी आत दाराआडच उभी होती. तिला पहिलीच हाक ऐकू आली होती, पण काकूंनी तिसऱ्यांदा हाक मारेपर्यंत तिने मुद्दाम ओ दिली नाही.

तात्पर्य: ज्या मायेने एक फुलतं, त्याच मायेने दुसरं मिटू शकतं, म्हणून कुणाला नापास ठरवण्याआधी त्याला काय मानवतं ते त्यालाच विचारावं, आणि उत्तर येईपर्यंत थांबावं.